बरं आहे म्हणजे बरा झालो

४ मार्च, संध्याकाळ

बरा झालो. डॉक्टरीणबाईंच्याच तोंडून ऐकलं. दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची पाहणी झाली. सूज उतरलेली, जखमा भरलेल्या. बाईंनी रिपोर्टवरून नजर वर केली आणि म्हणाल्या, "आता बरं आहे."

संपलं. दोन वर्षांचा छळ संपला.

नंतर त्या बरंच बोलत होत्या. गोळ्या सोडायच्या नाहीत, तिखट नको, दूध नको, रोज चाला, तीन महिन्यांनी या. मी मान हलवली. गिऱ्हाईक बरं झालं म्हणून कुणी दुकान बंद करत नाही. वजनकाटे तपासण्यात उभी हयात गेली माझी. दुकानदार गोड बोलायला लागला की मी त्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघतो.

बाहेर आल्यावर ही केमिस्टकडे वळली. केमिस्ट हसला. का हसला?

५ मार्च

ठराव: तपकिरी गोळ्या बंद. सकाळची गुपचूप बाल्कनीतल्या कुंडीत, दुपारची ऑफिसच्या कचराटोपलीत.

उगाच नाही. मागच्या महिन्यात एका दुकानात तपासणी अर्धी टाकून मला पळावं लागलं होतं. कुठे, ते लिहायची गरज नाही. त्यावर साहेब म्हणाले की पुन्हा असं झालं तर फिरती बंद, टपालाचं टेबल. टपालाचं टेबल! शिक्के मारायचे आणि मरेपर्यंत मारत राहायचे. माझी फिरती जाणार मऊसाबणाकडे. हा आमचा धाकटा निरीक्षक. बोलायला मऊ, धरायला गेलं की निसटतो. मी जेवणानंतर गोळी काढली की विचारतो, "काका, पोट कसं आहे?" पोटात एक, ओठात एक. गोळी खाणारा माणूस आजारी दिसतो. मी आजारी नाही. मला बरा म्हटलंय.

पुढच्या महिन्यात घाऊक बाजाराची वार्षिक तपासणी आहे. ती एकदा दणक्यात झाली की मऊसाबणाची तोंडं बंद. म्हणजे तोंड. त्याला एकच आहे, पण वाटतं दोन असावीत.

९ मार्च

हिने कुंडीची माती बदलली. लग्न झाल्यापासून हिने कुंडीची माती बदललेली मला आठवत नाही. विचारलं, तर म्हणाली, झाडाला काहीतरी बाधलंय.

११ मार्च, सकाळ

नाश्त्यानंतर हिने एक पांढरी गोळी हातावर ठेवली. शक्तीची म्हणे. आजारात झीज झाली, ती भरून यायला हवी. बाटलीवर व्हिटॅमिनचं लेबल. लेबल जरा तिरकं चिकटवलंय. गिळेपर्यंत समोर उभी राहिली, हाताची घडी घालून. ही शाळेत गणित शिकवते. वर्गातही अशीच उभी राहत असणार.

तपकिरी गोळ्यांचं नावही काढलं नाही. विसरली बहुतेक. आपण कशाला आठवण करून द्यायची.

१८ मार्च

तब्येत ठणठणीत. बघा! एकही तपकिरी गोळी न घेता. हे सगळं माझ्या स्वतःच्या पद्धतीचं यश.

पद्धत अशी. सकाळी चालणे. रस्ता मीच आखलाय: घर, बँक, वाचनालय, पेट्रोल पंप, दवाखाना, घर. हिने लगेच ओळखलं की या सगळ्या ठिकाणी स्वच्छतागृह आहे. मी म्हटलं, योगायोग. मग घरी पाठीवर झोपून पाय वर करणे. तिसऱ्यांदा वर केले तेव्हा उजव्या पायात गोळा आला आणि पाय तसाच वर राहिला. कन्या फोटो काढून गेली.

२३ मार्च

आहाराची चौकशी सुरू केली. डॉक्टरीणबाईंनी सरसकट सगळ्यांना गुन्हेगार ठरवलंय: मिरची, दूध, कच्चं, तळलेलं. हा न्याय नव्हे. प्रत्येकाला वेगळं उभं करून तपासायला हवं. आज मिरचीची साक्ष काढली. ऑफिसबाहेरच्या गाडीवर तळलेले शेंगदाणे, वर तिखट, वर आणखी तिखट. संध्याकाळपर्यंत काही नाही. मिरची निर्दोष.

माझा संशय दुधावर आहे. पांढरं दिसणाऱ्या गोष्टींवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही.

२९ मार्च

कुठेतरी पाणी मुरतंय.

ही स्वयंपाकघरात फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी पाणी प्यायला गेलो, चप्पल न घालता. ऐकलं ते असं: "नाही हो डॉक्टर, अजून कळलं नाही त्यांना. रोज समोर उभी राहते." मग मला पाहिलं आणि एकदम म्हणाली, "बरं, मग उद्या भाजी आणते." डॉक्टरला भाजी?

२ एप्रिल

सगळा उलगडा झाला. दिवसभर विचार केला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. मी तपकिरी गोळ्या बंद केल्यामुळे डॉक्टरीणबाईंचा आणि केमिस्टचा धंदा बसला. म्हणून ही पांढरी, महागडी, बिनकामाची शक्तीची गोळी माझ्या गळ्यात उतरवतायत. आणि भोळेपणाने माझी बायकोच त्यांची दलाल झाली आहे. घरातच काटा मारलाय.

भांडायचं नाही. भांडलो तर ती रडेल आणि मग मलाच चहा करावा लागेल. ठराव: पांढरी गोळी गालात धरायची, ही वळली की खिशात. मी हजारो दुकानदारांना हे करताना पकडलंय, मालाच्या पारड्याखाली चिकटवलेल्या चिंचेच्या तुकड्यापासून सगळं. मला कोण पकडणार?

३ एप्रिल

जमलं. हिने विचारलं, गिळली? मी म्हटलं, हं. गोळी गालात असताना याहून मोठा शब्द येत नाही.

१० एप्रिल

पोटात किंचित गुरगुर. ऑफिसचं पाणी. मऊसाबणाने नवीन पाण्याची बाटली लावलीय ना, तेव्हापासून.

१३ एप्रिल

सकाळपासून चार वेळा. पाणी नाही, खुर्ची. खुर्ची नवीन आहे, पोटावर दाब येतो. आमच्या टेबलापाशी ही खुर्ची कुणी ठेवली, त्याची चौकशी करायला हवी. चालायला गेलो. वाचनालय बंद होतं. पेट्रोल पंपापर्यंतच्या रस्त्यात काय झालं ते मी कुणाला सांगणार नाही.

१५ एप्रिल

पुन्हा विचार केला. हे आजारपण नव्हे. इतके दिवस जी पांढरी गोळी खाल्ली तिचं विष आता बाहेर पडतंय. चांगलं लक्षण आहे. ठराव: पाणी जास्त, मिरची पूर्ववत, काळजी बंद.

आज वजन केलं. कमी भरलं. घरचा काटा खोटा आहे. मी ऑफिसचा लाल कागदी शिक्का आणून काट्यावर चिकटवला: "सदोष. वापरास बंदी." कन्या म्हणाली, बाबा, काटा राहू दे, पँट बघ. पँट पट्ट्याखाली गोळा झाली होती खरी. कापड सैल पडतं धुण्यानं.

हिने शांतपणे सुचवलं की ऑफिसातली प्रमाणित वजनं घरी आणून काटा तपासावा. मी म्हटलं, सरकारी वजनं खासगी कामाला वापरत नाहीत. नियम आहे.

१९ एप्रिल

ही सारखी बघते. विचारलं, "कसं आहे?" मी म्हटलं, "बरं आहे." तिने ओठ दाबले.

रक्त दिसलं. थोडं. बीट खाल्लं असणार. कधी खाल्लं ते आठवत नाही.

२२ एप्रिल, संध्याकाळ

घाऊक बाजार.

सकाळचा सहा ते सात हा तास घरच्या स्वच्छतागृहातच गेला. तरी निघालो. साहेब स्वतः येणार होते, आणि मऊसाबण सोबत होताच. पहिल्या गाळ्यात सगळं व्यवस्थित. दुसरा गाळा एका जाड्या धान्य व्यापाऱ्याचा. याच्या काट्यावर माझा कित्येक वर्षांचा डोळा आहे. वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवायला मी खाली वाकलो. वाकायला नको होतं.

वजन तिथेच सोडलं. कुठे जायचं ते सुचेना, पोत्यांच्या गल्लीत उजवीकडे की डावीकडे. जाड्या व्यापाऱ्याने एका नजरेत ओळखलं, गल्ल्यातून किल्ली काढली, माझ्या हाताला धरून गोदामामागे नेलं आणि दार लावून बाहेर उभा राहिला. कुणी आलं तर म्हणत होता, आत निरीक्षकसाहेब तपासणी करतायत.

बाहेर आलो तेव्हा उभं राहवत नव्हतं. रक्त बरंच होतं. माझी वजनं पेटीत ओळीने लावलेली. मऊसाबणाने काटा तपासून घेतला होता, काटा बरोबर होता, आणि कागदावर माझ्या नावाखाली सही करायची जागा मोकळी सोडली होती. साहेब आले होते. त्याने त्यांना सांगितलं होतं की काका मागच्या गोदामात गेलेत. साहेबांनी माझ्या पँटीकडे पाहिलं.

मऊसाबणच मला रिक्षातून घरी घेऊन आला. वाटेत रुमाल दिला. यात त्याचा काय फायदा, ते मला अजून कळलेलं नाही.

२४ एप्रिल, हॉस्पिटल

सलाईन. इंजेक्शनं. लिहायला हात जड.

डॉक्टरीणबाई आल्या. मी आधीच ठरवलं होतं की आपणच चढाई करायची. सांगितलं की चूक तुमची. तुम्हीच म्हणालात, बरं आहे.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं आहे म्हटलं होतं. बरे झालात असं कधी म्हटलं? तुम्हाला कुणी कसं आहे विचारलं की तुम्ही स्वतः बरं आहे म्हणता. तेव्हा काय अर्थ असतो त्याचा?"

१९ तारखेला मी काय म्हणालो होतो ते आठवलं.

त्यांनी समजावलं. हा आजार जात नाही, निजतो. गोळ्या त्याला निजवून ठेवतात. मी म्हटलं, खोटं, मी महिनाभर गोळ्या न घेता ठणठणीत होतो. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. पोट बिघडलं ते त्या शक्तीच्या गोळ्यांनी, म्हणून तर मी त्याही बंद केल्या, तीन तारखेपासून.

ही खुर्चीवर बसली होती, डब्याचं झाकण हातात. तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

म्हणाली, "ती तीच गोळी होती हो. दुसऱ्या कंपनीची, पांढरी, दिवसाला एकच पुरणारी. कुंडीत तपकिरी सापडल्या, म्हणून डॉक्टरांना विचारून बाटली बदलली. सांगून घेतली असतीत का तुम्ही?"

नाही. घेतली नसती.

म्हणजे माझ्या पद्धतीचं यश, ते चालणं, ते पाय वर करणं, ती निर्दोष मिरची, सगळं त्या एका गोळीच्या जिवावर. आणि कट होताच. माझा संशय खरा निघाला. फक्त तो कट मला वाचवायचा होता आणि मी मोठ्या हुशारीने तो उधळून लावला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या औषधांनी दोन-चार दिवसांत फरक पडला नाही तर आतडं काढायचं बघावं लागेल. ही झाकण लावत होती, ते बसत नव्हतं. मला भीती वाटली. खरीखुरी. एवढी भीती मी याआधी लिहिली नव्हती कारण मी ती कधी मोजलीच नव्हती.

२८ एप्रिल

फरक पडतोय. आतडं राहणार बहुतेक. ही रात्रीची जागून शाळेत जाते. तिला म्हटलं, आज घरीच झोप. म्हणाली, तुम्ही गालात काय धरताय ते बघायला कुणी नको का?

७ मे

घरी आलो. पहिलं काम, काटा. मऊसाबण प्रमाणित वजनांची पेटी स्वतः उचलून घरी घेऊन आला. नियमात बसत नाही, म्हटलं. तो म्हणाला, काका, कुणाला कळतंय. पाच किलो ठेवलं, पाच दाखवलं. दहा ठेवलं, दहा. काट्यात तसूभर खोट नाही. लाल कागद नखाने खरवडून काढला. निघता निघत नव्हता. चिकटवताना मीच भरपूर डिंक लावला होता. मग मी काट्यावर उभा राहिलो आणि आकडा बघून उतरलो.

मऊसाबणाला चहा दिला. जाताना दारात थांबला. म्हणाला, टपालाचं टेबल त्याने ओढून स्वच्छतागृहाच्या दारापाशी लावलंय, लांब पडू नये म्हणून. फिरती त्याच्याकडे गेली. मला अभिनंदन करायचं होतं, पण तोंडातून काही निघालं नाही. गालात काही नव्हतं तरी.

८ मे, सकाळ

नाश्ता झाला. मऊ भात, उकडलेला बटाटा. हिने हातावर गोळी ठेवली. तपकिरी. लेबल सरळ. आणि समोर उभी राहिली नाही. पिशवी उचलली आणि चपला घालायला बाहेरच्या खोलीत गेली.

मी बसून राहिलो. आता कुणी बघत नाही. हा नवा डाव असेल का? दाराच्या फटीतून बघत असेल? वाकून पाहिलं. नव्हती. खरंच चपला घालत होती.

गोळी गिळली. पाणी प्यायलो. मग, का कोण जाणे, जीभ बाहेर काढून, गाल बोटाने ओढून आरशात स्वतःच तपासलं. रिकामं.

हाक मारून सांगितलं, "घेतली गं."

बाहेरून आवाज आला, "बरं."

दार लागलं. कुठलं बरं, ते विचारायचं राहिलं.