एस्तरचा मार्च, पप्पांचा दम

६ नोव्हेंबर, गुरुवार
वसईहून इथे आखातात आमच्याकडे आलेल्या पप्पांना आज क्लिनिकला सोडायचं होतं म्हणून एस्तरच्या गाडीत सोबत घेतलं. वसईत एस्तर नाव म्हटलं की आपल्यातलीच, तेव्हा ते तिच्याशी सरळ मराठीतच सुरू झाले. ही हंगेरीची, माझ्या ऑफिसातली, हमरियाच्या ऑफिसला मी रोज हिच्याच गाडीतून जाते, असं सांगितल्यावर हसले.
तिच्या गाडीत कायम तो मिलिटरी बँड चालू. वर्षभर ऐकतेय, कधी लक्ष दिलं नव्हतं. पप्पा मागच्या सीटवरून पुढे झुकले. "अगो, ही तर आमची चाल."
गावच्या बँडमध्ये पप्पा कॉर्नेटवर, म्हणजे छोट्या ट्रम्पेटवर, हीच वाजवायचे. नवरा-नवरी चर्चबाहेर आली की सुरू. कुठली, कुणाची, कुणालाच माहीत नव्हतं. पण ते पळवत वाजवायचे, जी मेजरमध्ये. लग्नात रडकं नको म्हणून त्यांच्या मास्तरांनी बदललेली. हिच्याकडे तीच जी मायनर, उदास, आणि सावकाश. पप्पा म्हणाले, "चालणारी माणसं दमलीयत."
मी एस्तरला ते इंग्लिशमधून सांगितलं. तिने गाडी बाजूला घेतली. चाल संपेपर्यंत तिथेच थांबवून ठेवली.

९ नोव्हेंबर, रविवार
एस्तर जेवायला. बांगड्याचं कालवण तिखट लागलं, तरी दोनदा घेतलं.
तिचे वडील तिकडे आर्मीच्या बँडमध्ये होते. हा मार्च, म्हणजे ही कूच करण्याची धून, तुकडी बाहेर पडताना नाही, बराकीत परतताना वाजवायचा. म्हणून संथ. मध्ये थोडा मेजरमध्ये उजळतो, कारण तेव्हा गावातले दिवे दिसायला लागतात, असं तिचे वडील म्हणायचे. मग पुन्हा मायनर.
वडील कोविडमध्ये गेले. विमानं बंद. दफन तिने फोनवर पाहिलं. बँडही नव्हता.
आता तिचा कॉन्ट्रॅक्ट संपतोय, महिनाअखेर जाणार. २२ला शनिवारी सकाळी इंटरनॅशनल सिटीत तिच्या घरी चार माणसं बोलावलीत. पप्पांनी तिथे तो एकदा वाजवावा, असं तिने विचारलं. कुणीतरी समोर उभं राहून वाजवलेला ऐकायचाय.
पप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. यस म्हणाले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
कॉर्नेट पप्पांनी केबिन बॅगेत आणलाय, हे मला आत्ता कळलं. त्याच्या कर्ण्यात टॉवेल कोंबून वाजवतात. तरी वॉचमन वर आला, बाजूवाले बोंब मारतायत म्हणाला. माझ्या नवऱ्याने, विल्सनने, त्याला समजावून परत पाठवलं.
पहिला भाग छान येतो. मधला उजळणारा भाग आला की दम तुटतो. पळवत वाजवलं तर एका श्वासात निघून जातं, संथ वाजवताना सूर धरून ठेवावा लागतो, असं म्हणाले. कपाळावर घाम. अँजिओप्लास्टीला दोन वर्षं झालीत फक्त.
मम्मी फोनवर: "त्यांना फुंकू देऊ नको हां. डॉक्टरने काय सांगितलंय माहितेय ना?"
माहितेय.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी निघताना बाथरूममध्ये पप्पा बेसिन धरून उभे. छातीत नाही, नुसता दम लागला म्हणाले. चेहरा पांढराफटक.
संध्याकाळी परत येताना एस्तरला सांगून टाकलं की पप्पांना जमणार नाही, तेच तसं म्हणाले, असं खोटंच. तिने मार्च बंद केला, रेडिओ लावला.
पप्पांना नंतर सांगेन.

२२ नोव्हेंबर, शनिवार
नाही सांगितलं. रोज उद्यावर ढकललं.
सकाळी हॉलमध्ये आले तर पप्पा तयार. पांढरा शर्ट, स्वतःच इस्त्री केलेला. काळे बूट. कॉर्नेट चकचकीत. माझा लेक रियान आजोबांना म्हणाला, "Papa, you look so smart."
सांगितलं. एस्तरला आधीच नाही कळवलंय, वाजवायला जायचं नाही. त्यांनी कॉर्नेट टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "ती नको म्हणाली की तू?"
"मी."
बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. मी पुढे झाले तर माझा हात बाजूला केला.
"मला विचारलं असतंस तर कदाचित मीच नाही म्हटलं असतं, बाय."
जेवले, टीव्ही बघितला.

२३ नोव्हेंबर, रविवार
आज तरी फोन करून एस्तरला खरं सांगायचं होतं. अजून आठवडा आहे, गाडीत सांगू, असं वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
गाडी आली नाही. ऑफिसात कळलं, कंपनीने तिचा कॉन्ट्रॅक्ट आधीच क्लोज केला. काल संध्याकाळच्या फ्लाइटने गेली. माझ्या टेबलावर एक चॉकलेटचा डबा, पप्पांसाठी.

३० नोव्हेंबर, रविवार
पप्पांना एअरपोर्टला सोडलं. विल्सनशी नीट बोलले, रियानला जवळ घेतलं. मला म्हणाले, तब्येत सांभाळ. डबा न उघडताच बॅगेत ठेवला.

७ डिसेंबर, रविवार
मम्मीच्या फोनवरून ऑडिओ आला. काही लिहिलेलं नाही. लावला तर पप्पा.
मागे कोंबडी ओरडतेय, म्हणजे वसईच्या घरच्या परसात. संथ, मायनर, अगदी एस्तरच्या गाडीतल्यासारखा. मधल्या भागात दम तुटला. मग नुसता श्वास ऐकू येतो. मम्मीचा आवाज, हळूच: "बसा जरा." रेकॉर्डिंग तिनेच केलंय. मम्मीने. मग त्याच सुरावरून पुन्हा उचललं आणि शेवटपर्यंत नेलं.
किचनमध्ये उभी राहून ऐकलं. परत ऐकलं.
एस्तरला पाठवला, आणि खाली खरं काय झालं तेही लिहिलं. एकच टिक. इथलं सिम बंद केलं असणार. तिकडचा नंबर कधी मागितला नाही. एचआरवाली म्हणते, देता येत नाही.

१० डिसेंबर, बुधवार
अजून एकच टिक.
पप्पांचा फोन. तिला पोचलं का, विचारलं. खरं ते सांगितलं, नाही पोचलं, पोचेल की नाही माहीत नाही.
"मग बरं झालं. मधला भाग नीट आलेला नाही. उद्या पुन्हा वाजवतो."
नको म्हणायला तोंड उघडलं होतं. विचारलं, "तुम्हाला वाजवायचाय?"
मग म्हणाले, "बघू."