पान एकशे बाराच्या पुढं

३ मार्च
चारा-छावणीवर आठवा दिवस. आमची म्हैस आणि काकांची म्हैस एकाच दावणीला. कारखान्याकडून उसाचे वाढे आले, तेही वाळलेले. म्हशी खातात, मी बघत बसतो. दुपारी आडवा पडलो की जमिनीवरची हवा पाण्यासारखी हलताना दिसते. त्या पाण्यातून श. येते. अंबाजोगाईहून डी.एड.चं कॉलेज बुडवून, थेट अनवाणी. पाय भाजत नाहीत तिचे. अगदी जवळ आली की शेजारच्या खुंट्यावरचा हणमंता ओरडतो, "काय बे दत्त्या, म्हैस सुटली तुझी!"
सुटलेली नव्हती.

४ मार्च
मंगी आली होती. काकांची पोरगी, नववीत. मराठीच्या बाईंनी फर्मान काढलंय: प्रत्येकानं एक कादंबरी अख्खी वाचायची आणि २५ तारखेला वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं.
"दादा, तू कालेजात गेलतास. एखादी बारकी बघून दे. न्हाईतर गोष्ट सांग, मी पाठ करते."
वाचायला काय होतं गं?
"झोप येती. अन् समदी खोटी माणसं. खऱ्याचंच ऐकून कटाळलेय मी."
गेलतास. डिसेंबरात कॉलेज सोडल्यापासून सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द. असू दे.

६ मार्च
सोसायटीत गेलो मंगीबरोबर. दूध सोसायटीचं वाचनालय म्हणजे मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट. नियम जुना: ज्या घरचं दूध त्या दिवशी मापात पडेल त्याच घराला त्या दिवशी पुस्तक. पूर्वी ह्या नियमाचं कुणाला ओझं नव्हतं, दूध होतं. आज मंगीनं तांब्याभर नेलं. सेक्रेटरी नानांनी मापलं, किल्ली दिली. नाना म्हणजे श.चे वडील. माझ्याकडं न बघता म्हणाले, "शिकणाऱ्या लेकरांनी घ्या आधी."
घरी येऊन बादलीला लाथ घातली, रिकामीच होती.
मंगीला शिकारीची कादंबरी काढून दिली.

८ मार्च
शिकारीची परत. "वाघ दिसायलाच चाळीस पानं. तवर मी दोनदा निजले."
इतिहासाची दिली.

११ मार्च
तीही परत. "घोडा, तलवार, घोडा. बायका नुसत्या खिडकीत." मग शहरातल्या प्रेमाची दिली होती मधे, तिचं म्हणणं: "दोघं चहा पित्यात अन् रडत्यात. एवढा चहा! पाणी कुठून आणत्यात?"
मी चिडलो. म्हटलं तुझ्या डोक्यात कडबा भरलाय.
"मग सोडते शाळा. तूबी सोडलंसच की."
बोलली आणि खाली बघत बसली. म्हैस दोघांकडं बघत रवंथ करत होती.

१३ मार्च
नको तेच झालं. आज तिनं स्वतः हात घालून कादंबरी काढली. हिरव्या पुठ्ठ्याची, नदीवरची, नावाड्याच्या पोरीची.
मी हिसकावली. "ही नको."
"कावून?"
"लई अवघड आहे."
"पानापानावर पाणी हाय हिच्यात. चाळली मी."
नाना बघत होते. द्यावी लागली.
लिहून ठेवतो, कुठंतरी लिहायलाच पाहिजे. गेलं वर्षभर हे पुस्तक मी आणि श. आलटून पालटून नेत होतो. चिठ्ठी सापडते, पुस्तक सापडत नाही. मनातली ओळ आली की समासात पेन्सिलीचा ठिपका. तिचा बारीक, माझा ठळक. एके ठिकाणी मी लिहिलं, 'इथं तू.' खाली तिनं लिहिलं, 'इथं कुणी नाही, नुसतं पाणी.' नाव कुठंच नाही. पण नानांना लेकीचं अक्षर ओळखू येणार नाही होय? आणि मंगीनं वर्गात पुस्तक उघडून दाखवलं तर? गावाला उन्हाळाभर दुसरा विषय नको.
नोव्हेंबरात पा. ११२ ला आलो. नावाड्याची पोरगी पलीकडच्या ठेकेदाराच्या मुलाला होकार देते, आणि त्याच ओळीशेजारी श.चा ठिपका. ताजा. मी खाली लिहिलं, 'समजलं.' पुस्तक मिटलं, परत केलं. त्यानंतर बीडला गेलो तो हॉस्टेलवरची ट्रंक आणायलाच.

१४ मार्च
दुकानातून खोडरबर आणलं. मंगीला म्हटलं, एक दुपार दे पुस्तक.
"मी वाचतीय," म्हणाली.
ह्या पोरीच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. नेमकं आजच.

१६ मार्च
शाळा सुटल्यावर छावणीत येते आणि म्हशीच्या सावलीत बसून मोठ्यानं वाचते. मी पडून ऐकतो. नदी फुगते, नाव सुटते, काठावरचे दिवे पाण्यात लांब होतात. डोळे मिटले की छावणी वाहून जाते, पत्रे, दावणी, हणमंता, सगळं. नावेत मी आणि श. वल्ही कुणाच्याच हातात नाहीत.
"दादा, हे ठिपके कुणी मारलेत?"
"उंदरानं."
"उंदराला 'इथं तू' लिहिता येतं?"
मी उठून बसलो. म्हटलं, लोकांच्या गोष्टीत नाक खुपसू नये.
"मग वाचू का नको ते सांग."
अडकलो. शेवटी तीच म्हणाली, "ठिपक्यावरनं ठिपक्यावर उड्या मारून बघितलं. जमंना. हिथंच का मारला कळायला मधलंबी वाचावं लागतंय."

१९ मार्च
कपिलधारच्या धबधब्याला धार नाही म्हणे यंदा, नुसता कातळ, त्यावर शेवाळाचा वाळका पट्टा. शाळेच्या सहलीत श. त्या धारेखाली हात धरून उभी होती आणि ओंजळीतलं पाणी कुणाला द्यायचं ते ठरवत होती. मला दिलं. की मी मधे गेलो? आता नीट आठवत नाही. दुपारी दोन्ही प्रकारे आठवून बघितलं.

२१ मार्च
मंगी भर उन्हात पळत आली. पा. ११२.
"समजलं म्हंजे काय समजलं?"
मी दाव्याची गाठ सोडली, परत मारली.
"हिथनं पुढं ठळक ठिपके न्हाईत."
म्हटलं, तिचं लग्न ठरलं ना? मग संपली की गोष्ट.
"कुणी सांगितलं? अजून ऐंशी पानं हायेत!"
तिच्याकडं बघवेना. उठून म्हशीला पाणी दाखवलं. म्हैस आत्ताच प्यायली होती.

२५ मार्च
तोंडी झाली. मंगी पंधरा मिनिटं बोलली. पुस्तक दप्तरातून बाहेर काढलं नाही, पेन्सिलीचा विषय नाही. बाईंनी विचारलं, हीच कादंबरी का निवडलीस? ही म्हणाली, "ह्याच्यातली पोरगी हो म्हणती तरी गोष्ट संपत न्हाई म्हणून." बाई म्हणे तिच्याकडं बघतच राहिल्या.
शाळेतून येता येता पुस्तक जमा करून आली. माझा जीव भांड्यात पडला. मग वाढ्याचं पान सोलत, सहज म्हणाली:
"पुढंबी ठिपके हायेत, दादा. बारीकवाले. एकशे बारापासनं पार शेवटापर्यंत. अन् शेवटच्या पानावर लिहिलंय."
काय?
"मी कावून सांगू? तूच वाच वाच म्हणून माझ्या मागं लागलतास ना?"
रागावलो, हातापाया पडलो, यात्रेतल्या बांगड्या कबूल केल्या, शेवटी हात उगारला. तिनं पापणी हलवली नाही.

२६ मार्च
दोन्ही म्हशी आटल्या. एकाच दिवशी, ठरवून केल्यासारख्या. दूध नाही, पुस्तक नाही.
शेवटच्या पानावरची ती ओळ कधी लिहिली असेल? डिसेंबरच्या सुट्टीत श. आली होती. एकदा सोसायटीच्या दारात उभी होती, हातात काहीतरी हिरवं. मी समोरून गेलो, मान वळवून. तेव्हा मला वाटलं, मी फार ताठ चाललोय.

२८ मार्च
गेलो. रिकाम्या हातानं.
खोलीत कॅन उपडे घातलेले. नाना माप पुसत होते, त्यात काही नव्हतं तरी.
"दूध?"
"न्हाई नाना. आटल्या."
"मग?"
"पुस्तक पाहिजे होतं. नदीचं, हिरवं."
नाना माप पुसत राहिले. उद्धट अशी तीन उत्तरं माझ्याकडं तयार होती. एकही वापरलं नाही. तसाच उभा राहिलो. मग म्हणाले, "नियम केला तवा गावात दूध होतं," आणि किल्ली पुढं सरकवली.
मी कपाट उघडताना मागून म्हणाले, "ती कादंबरी लई फिरली यंदा. आमच्या श.नं (नाना पूर्ण नाव म्हणाले, मी नाही लिहिणार) सुट्टीत नेलती. परत ठेवल्यापासनं दर पत्रात विचारती, कुणी नेलं का ते पुस्तक. मी आपलं लिहायचो, न्हाई बाई; आता मंगीनं नेल्याचं कळवलं."
त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, त्या चेहऱ्यावरून कुणाच्या बापाला कळणार नाही. पाडव्याला येणार आहे म्हणाले ती. सोमवारी.

२९ मार्च
मंगी समोर पहारा देत बसलीय. "शेवट आधी उघडलास तर तुझी म्हैस सोडीन."
उघडला नाही. पा. ११३ पासून सुरू केलं. होकार देऊन पोरगी घाटावर आली, बापाची नाव सोडली, आणि एकटीच निघालीय. कुठल्या काठाला, ते अजून आलेलं नाही. ठिपका. चार ओळींनी पुन्हा ठिपका. इतके बारीक की पुस्तक डोळ्यांशी धरावं लागतं.
हणमंता काहीतरी ओरडला. ऐकलं नाही.
पा. १३१. सोमवारला दोन दिवस. एकसष्ट पानं. मंगी म्हणते, हळू वाच.