हिचा पगार वरच्या स्लॅबमध्ये

३ मार्च, सोमवार. नवा नियम आला. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरून टॅक्स. आमच्या गोदामात सगळे हवालदिल. मी शांत. घरात एक तरी डोकं थंड हवं.

४ मार्च, सकाळी ७. तक्ता केला. खाली माझा पगार, वर हिचा. माझा स्वस्त दरात बसतो, हिचा अख्खा वरच्या स्लॅबमध्ये अडकतो. म्हणजे ही रक्त तपासायच्या लॅबमध्ये अर्धा दिवस राबते ती सरकारसाठी! त्यात आता तिला पूर्ण वेळ प्रमुख व्हायचंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. हिला नोकरीतून सोडवलं पाहिजे. हळुवारपणे.

५ मार्च. हळुवारपणे सांगितलं. ही म्हणाली, खुर्ची माझ्या हक्काची आहे, मी घेणार. मग भांडी आदळली. बायकांना आकडे नकोच असतात. तक्ता फ्रिजवर लावला. संध्याकाळी पाहतो तर लेकीने त्यावर 'दूध, साबण, खोडरबर' लिहून ठेवलेलं. वैताग!

६ मार्च. दोघं करसल्लागाराकडे. फी माझ्याच खिशातून. त्याने विचारलं, तुमचाच पगार खाली का? म्हटलं, का म्हणजे? मी नवरा आहे. त्याने चष्मा पुसला. म्हणाला, प्रमुख झाल्यावर मॅडमचा पगार तुमच्या दीडपट. तो खाली धरा, मग वर तुमचा अडकतो. सरकारसाठी तुम्ही राबताय, साहेब. ही हसली नाही. त्याचाच जास्त राग आला.

७ मार्च. हिने होकार कळवून टाकला. मीही पेटलो. साहेबांपुढे अर्ज टाकला: टॅक्समुळे पूर्ण वेळ परवडत नाही, अर्धा दिवस करा. नुसता दबाव हो! साहेब विनवण्या करणार, पगार वाढवणार. हिला दाखवतोच माझी किंमत.

१० मार्च. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. उद्यापासूनच चालेल का, म्हणाले. बहुतेक धक्क्यात असावेत.

११ मार्च, दुपारी २. घरी. लॅबमधून हिचा फोन. तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे, म्हणाली. म्हटलं, तुझ्यासाठी त्याग केला. ही म्हणाली, लेक झाल्यापासून मी अर्धाच दिवस करत आले, तेव्हा कोणी त्याग म्हणालं नाही. मशीनमधले कपडे तेवढे वाळत घाला.

२ वाजून १० मिनिटं. घातले. ही सातला येणार.