निळी माणसं

बाबा, मी रिमोटचं बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. आई दिवाणावरून उठून उभी राहिली. "गेला का?" तिनं विचारलं. टीव्ही गेला नव्हता. तुम्ही लावून ठेवलेले रंग गेले होते, अकरा वर्षांचे. मिनिटाभरात चित्र परत आलं. बातम्या सांगणारी बाई गव्हाळ होती. आईनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हे कोन होय?" रोज संध्याकाळी तीच बाई येते. आईनं तिला आजवर निळीच पाहिली होती.

चुकून झालं, असं मी आईला सांगितलं. आठवडाभर आवाज फाटून येत होता. मी वणीच्या मेकॅनिकला फोन केला. "सर, रिसेट मारा," तो म्हणाला. "जुनं सगळं उडून जाते. दुकानातून आणला तसा होते." फोन स्पीकरवर होता. आईला दुकानातल्यासारखा टीव्ही नको होता. "आवाजाचं पाह्य फक्त," ती म्हणाली. "रंगाले हात नोको लावू. त्याईनं पंधरा दिवस बसून लावला हाय."

ते पंधरा दिवस मला आठवतात. खिडक्या लावून, दुपारची झोप सोडून तुम्ही पडद्यासमोर पांढरा रंग शोधताय. तीस वर्षं जिनिंगमध्ये तुम्ही कापसाची प्रत ठरवलीत. गाडीतून मूठभर कापूस ओढायचा, उजेडाकडे धरायचा, चिमटीत धागा ताणायचा आणि एकच शब्द बोलायचा. त्यावर कुणी वाद घालत नसे. मी सातवीत असताना तुम्ही मला तिथे नेलं, तीन ढीग दाखवले आणि विचारलं, यातला पांढरा कोणता. मी म्हणालो, तिन्ही. "तुले तिन्ही सारखेच दिसून राह्यले?" तुम्ही सगळ्या हमालांसमोर म्हणालात. "मंग तू मास्तरच हो." मी झालो.

अशा डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, हे तुम्हाला कोण सांगणार? निवृत्तीनंतरच्या त्या हंगामात तुम्हाला गावातला सगळाच कापूस पिवळा दिसायचा. तुम्ही म्हणालात, बियाणं बदललं. सदरा पिवळा दिसला तेव्हा आईला साबण बदलायला लावलात. नवा टीव्ही पिवळा दिसला तेव्हा निळा रंग वाढवत नेलात, तुम्हाला मान्य असलेला पांढरा येईपर्यंत. तो आला त्या दिवशी पडद्यावरचे देव निळे होते आणि राक्षसही निळे होते, त्यामुळे युद्धात कोण जिंकलं ते आम्हाला कळलं नाही. शेजारचे काका बातम्या पाहायला आले. "भाऊ, मंत्री इहिरीतून काढल्यासारखा दिसून राह्यला," ते म्हणाले. त्यांना चहा मिळाला नाही.

मग नागपूरला तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, आपण घरी आलो, तुम्ही टीव्ही लावला. म्हणालात, "डॉक्टरनं भिंग निळं बसवलं." आपण तक्रार घेऊन परत नागपूरला गेलो. डॉक्टरनं स्वतःच्या कोटाकडे बोट दाखवलं. "हा कसा दिसतो?" "पांढरा." "मग?" "टीव्ही निळा दिसते." "काका, मग टीव्ही दाखवा कुणाला तरी." परत येताना वणीच्या स्टँडवर उतरताना म्हणालात, "लहान हाय तो. शिकन." त्यानंतर तुम्ही रंगांना हात लावला नाही, आणि आम्हालाही लावू दिला नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, आणि निळा रंग घरात राहिला.

आज आवाजाच्या सेटिंगमध्ये गेलो तेव्हा कळलं की तुम्ही सगळा आवाज डाव्या बाजूला, आईच्या दिवाणाकडे लावून ठेवला होता. उजवीकडे तुमची खुर्ची आणि पेपर. ही आईची काळजी होती की तुमची सोय, ते मी ठरवू शकलो नाही. डावा स्पीकर एकट्यानं बोलून बोलून दमला होता. आता आवाज दोन्हीकडून येतो, स्वच्छ येतो. पण आईनं टीव्ही बंद केला. जेवताना मी वरण मागितलं तर भांडं माझ्याकडे सरकवलं.

बाबा, चूक झाली नव्हती. फक्त आवाज पूर्ववत करायची ओळ वेगळी होती, वरच होती, आणि मी ती वाचली होती. मी खालची, सगळंच पुसणारी निवडली. अकरा वर्षं मला ती निळी माणसं बघवत नव्हती, आणि तुमच्यासमोर तसं म्हणायचं राहून गेलं होतं. हे पत्र तुम्हाला पाठवता येत नाही. आईला वाचून दाखवता येईल, पण दाखवणार नाही.

एवढं लिहून झोपलो. सकाळी उठलो तेव्हा टीव्ही चालू होता. बातम्या सांगणारा माणूस किंचित निळा होता. रिमोट आईच्या मांडीवर होता. मी विचारलं, तुला हे लावता येतं? "त्याईले आकडे कुठं दिसत होते?" ती म्हणाली. "मीच तं वाचून दाखवत होती." मग निळा एवढाच का लावलास, मी विचारलं. "पन्नासच्या वर मले तवाबी आवडत नव्हता," ती म्हणाली, आणि मला चहा ठेवायला सांगितला.