मुक्कामी गाडी

२ जून १९६३, रविवार

बुलढाण्याला नेलेल्या शिष्टमंडळाचा खर्च मंडळाच्या वहीत साडेनऊ रुपये पडला. नीळकंठरावांनी सही केली. खरा खर्च असा — भर लग्नसराईत माझं भोंग्या-माइकचं दुकान दिवसभर बंद, त्यात धाडच्या एका लग्नाचा भोंगा दुसऱ्याने लावला. फोटोत मागे उभं केलं म्हणून उकंडरावांनी माझ्याशी बोलणं सोडलं. आणि एवढं करून डेपो मॅनेजर साहेब रजेवर!

आधी चौकशी करून जाऊ, असं मी म्हटलं होतं. "शिष्टमंडळ कळवून जात नसतं, तुळशीराम. त्याने वजन जातं." — नीळकंठराव. कचेरीत हेडक्लार्क होते, आता मंडळाचे अध्यक्ष आहेत. वजन राहिलं. साहेब भेटले नाहीत.

५ जून

बैठक. विषय एकच — छापील कागदावर 'प्रवासी हितवर्धक मंडळ' असावं की 'प्रवासी हितरक्षक मंडळ'. उकंडराव बोलायला लागले, म्हणजे माझ्याशी नाही, सभेशी. रक्षक म्हटलं की भांडखोर वाटतं, म्हणाले. नीळकंठराव म्हणाले, वर्धक म्हटलं की औषध वाटतं. मी चहा सांगितला. तिसऱ्यांदा.

शेवटी मीच विचारलं, "गाडीचं काय?"

"कोणती गाडी?" — शपथ! उकंडराव असंच म्हणाले.

७ जून

मंडळ कशासाठी निघालं ते इथे लिहून ठेवतो, नाहीतर मीही विसरेन. आपल्या गावची एकुलती गाडी सकाळी अकराला येते आणि उलट फिरते. ती बुलढाण्याला पोचेपर्यंत शाळेचे दोन-तीन तास होऊन जातात. म्हणून इथली मुलगी सातवी झाली की घरी. मुलगे सायकल मारत धाडपर्यंत जातात आणि पुढची गाडी धरतात, कोणाच्या नात्यात राहतात. मुलींना कोण पाठवतो? आता संध्याकाळी बुलढाण्याहून निघणारी गाडी रात्री इथेच मुक्कामाला राहिली आणि सकाळी आठला परत निघाली, तर मुली शाळेत वेळेवर जातील आणि त्याच गाडीने घरी येतील. एवढंच मागणं. पोस्टकार्डावर मावेल.

कलाबाई दुकानात आली. नवरा गेल्यापासून मळा एकटी पाहते. वांग्याची टोपली उतरवून पायरीवर बसली.

"भाऊ, मंडळ त लय मोठं केलं तुमी. गाडीच तेवढी राह्यली."

"येऊन राह्यली, कलाबाई."

"कवा? माही विमल सातवीत पह्यली आली. दीर म्हनते, शाळा सुरू होयेपर्यंत गाडी आली त ठीक, नाही त चिखलीचं स्थळ पक्कं करतो. तो मानूस बोलला की करते."

मग टोपलीतलं एक वांगं काढून माझ्या गल्ल्यावर ठेवलं. "हे मंडळाले वर्गनी." आणि गेली! असा टोमणा मला घरात हिने सुद्धा कधी मारला नाही.

१० जून

एकटाच गेलो बुलढाण्याला. कोणाला सांगितलं नाही. साहेब होते. माणूस सरळ. अर्ज बाजूला ठेवला, म्हणाले, "गाडी देतो एक तारखेपासून. माझा प्रश्न एकच — ड्रायव्हर-कंडक्टर रात्री झोपतील कुठे? जेवतील कुठे? गाव जागा देत नाही म्हणून माझ्या दोन मुक्कामी गाड्या बंद पडल्या. जागा दाखवा, गाडी न्या."

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. मंदिराची धर्मशाळा रिकामीच असते. उकंडराव तिचे पंच. यात अवघड ते काय?

११ जून

मंडळ रागावलं. गाडी मिळाली म्हणून नव्हे, शिष्टमंडळाशिवाय मिळाली म्हणून. नीळकंठराव म्हणाले, "ही पद्धत नव्हे." दोघं-तिघं वेगळ्याच कामाला आले होते — एकाला मुलगा एस.टी.त चिकटवायचा, एकाला थांबा आपल्या गोठ्यासमोर पाहिजे. तिसरा म्हणाला गाडीचं झालं की माझ्या भावकीचा बांध बघा. मंडळ म्हणजे काय दवाखाना आहे?

धर्मशाळेला मात्र उकंडराव पटकन तयार झाले. बोलायलाही लागले माझ्याशी. "गावाची शोभा हाय तुळशीरामभाऊ, मी सोता सारवून घेतो!" मी मनात म्हटलं, चला, फोटोचं विसरला.

१८ जून

आज दोघं जागा पाहायला अकराच्या गाडीने आले. किसनराव ड्रायव्हर — आडव्या अंगाचा, मिशीवाला, हसरा. निवृत्ती कंडक्टर — पोरसवदा, कपडे परीटघडीचे, बोलणं हळू.

उकंडरावांनी धर्मशाळा खरंच सारवून ठेवली होती. नवी चटई, माठ. किल्ली बोटात फिरवत विचारलं, "ड्रायव्हरसाहेब, गाव कोनतं?" देऊळगावकडचे, म्हटल्यावर नातंच निघालं दोघांचं. पाहुणे, पाहुणे! मग निवृत्तीकडे वळले. "अन् तुमचं?"

"मेहकरकडचा."

"आडनाव काय म्हनले?"

निवृत्तीने सांगितलं. मान वर ठेवून सांगितलं.

आयुष्य माइकमागे गेलं माझं. वक्ता आवंढा गिळतो तो सुद्धा मला ऐकू येतो. उकंडरावांच्या बोटातली किल्ली वाजायची थांबली, ते मी ऐकलं. किल्ली कनवटीला गेली.

"त्याचं असं हाय," उकंडराव म्हणाले, "छप्पर गळते."

अजून पाऊस पडला नाही. गळतं हे यांना कळलं कसं?

"ड्रायव्हरसाहेबाची मी माह्या घरी सोय करतो," हेही म्हणाले. किसनराव हसायचा थांबला. "आम्ही दोघं एकाच गाडीवर हाओत, पाहुणे. झोपू त संगच."

निवृत्ती म्हणाला, "मी गाडीतच झोपतो ना. मले सवय हाये." असं म्हणाला की जणू आमचीच अडचण दूर करतोय! किसनरावने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

२० जून

तातडीची बैठक. नीळकंठराव खाकरले. "विषय नाजूक आहे. तत्त्वाने पाहू." मग तत्त्वाने पाहिलं. सर्व माणसं समान आहेत असा ठराव मांडला, उकंडरावांनी अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर. खोली नामंजूर.

पुढे नीळकंठराव म्हणाले, "तुळशीराम, तू चिटणीस. डेपोला एक गोड पत्र लिही. कंडक्टर दुसरा द्या. कारण लिहू नकोस."

"काय लिहू मग?"

"प्रकृतीचं लिही."

"कोणाच्या?" मी विचारलं.

मी पत्र लिहिलं नाही. खरं सांगायचं तर घरी येऊन कागद काढला होता. दहा दिवस उरले, विमलचं लग्न डोळ्यांसमोर, आणि एका ओळीत काम होत होतं. 'विनंती विशेष' इथपर्यंत लिहिलं. मग फाडला.

२१ जून

कलाबाईला खरं काय ते सांगितलं. तिला कळायला हवं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "त्या पोराच्या हातून तिकीट घेता ना समदे? पैशे घेता ना वापस? मंग झोपताच काऊन अडते?"

मी भोंगा चालू केला आणि 'हॅलो, हॅलो' करत बसलो.

२३ जून, रविवार

आज बोललो! भर बैठकीत उभा राहून. म्हटलं, "माझा ओटा आहे. दोन बाजा टाकतो. दोघं तिथे झोपतील, जेवतील आपल्या घरी. माझ्या दारावर आडनाव वाचायची पाटी नाही!"

सभा गार. नीळकंठरावांनी चष्मा पुसला. उकंडराव म्हणाले, "पाहा बा, घरून विचारून घ्या." लोक हसले. हसू द्या.

लहानपणी ग्यासबत्ती डोक्यावर घेऊन वरातीपुढे चाललो आहे मी. वरातीला मांडवात पंगत, आम्हा बत्तीवाल्यांना मांडवाबाहेर पत्रावळ. ती सुद्धा सगळ्यांचं उरकल्यावर. आज माझ्या भोंग्याशिवाय या पट्ट्यात कोणाचं लग्न लागत नाही, आणि तरी ती पत्रावळ मी विसरलो नाही. म्हणून बोलू शकलो. दुसऱ्या कोणाची छाती झाली?

बाजारात माझं ते वाक्य आजच ऐकू आलं, दोन ठिकाणी. पाटीचं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

हिला सांगितलं. म्हणाली, "बरं." पुढे काही नाही. हिचा 'बरं' मला सहसा समजतो. हा समजला नाही.

२५ जून

डेपोतून कागद आला. १ जुलैपासून गाडी सुरू. कागद नाचवत मळ्यात गेलो. कलाबाईने तो उलटासुलटा पाहिला, विमलला वाचायला लावला. पोरीने एक शब्द न अडखळता वाचला. दीर बांधावर उभा होता. "गाडी येऊ त द्या," म्हणाला. पण टोपी डोक्यावर घालून निघून गेला. चिखलीचं नाव काढलं नाही.

२७ जून

आता उद्घाटन! नीळकंठरावांना पाहुणा पाहिजे, पाहुण्याला सकाळची वेळ जमत नाही, तर गाडी पहिल्या दिवशी अकराला सोडावी! मुलींची शाळा? "एक दिवस." ज्यांनी जागा दिली नाही त्यांची नावं फलकावर कोणत्या क्रमाने, यावर तासभर. माझं नाव चौथं. असो. भोंगा मात्र फुकट माझाच.

३० जून, रविवार

संध्याकाळी गाडी आली. अख्खं गाव पाराजवळ. मुलं टपावर चढू पाहत होती, किसनरावने ओरडून उतरवली. रात्रीचं जेवण ओट्यावर झालं, पिठलं-भाकरी. निवृत्तीने ठेचा मागून घेतला. "लय दिवसाचा असा भेटला, बाई," म्हणाला हिला. शेजारीपाजारी कुंपणावरून पाहत होते. पाहू द्या म्हटलं.

१ जुलै

पाहुणे आले नाहीत. नीळकंठराव हार घेऊन आठच्या आधी हजर. भाषणाचा कागद काढला तोच किसनरावने सुरू केली गाडी. "साहेब, हार संध्याकाळी घालसान. आठ वाजले." माझ्या भोंग्याहून इंजिनाचा आवाज मोठा! भाषण वाहून गेलं. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचा आवाज मोठा झाला याचा मला आनंद झाला.

पाच मुलींनी नावं दिली होती, चार आल्या. विमल पहिली. निळा झगा, केसाला तेल, दप्तर छातीशी घट्ट. निवृत्ती दार धरून उभा. "ताई, पुढं बसा. इथं धूळ लागत नाही." तेरा वर्षांच्या पोरीला ताई! तिने मुठीतले पैसे दिले, तिकीट घेतलं, वाचलं.

कलाबाई गाडीमागे थोडं चालली. मग थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, "तिकीट तिनंच काढलं, भाऊ. मी नाही." वर्गणी वसूल.

२ जुलै

गाडी वेळेवर. उकंडराव आपल्या मेव्हण्याला त्याच गाडीने बुलढाण्याला घेऊन गेले. पुढच्या सीटवर.

४ जुलै

जेवणं उरकल्यावर आत हिशेब करत होतो. अंगणात ताट घासल्याचा आवाज आला. या घरातली घासणी मला ऐकून पाठ आहे, ती ही नव्हती. बाहेर आलो. निवृत्ती दगडाशी बसून राखेने आपलं ताट घासत होता.

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाही, भाऊ. पह्यल्या दिवसापासून घासतो. कोनी नको म्हनलं नाही."

पाचही दिवस जेवणाच्या वेळी मी ओट्यावरच होतो. किसनरावचं ताट ही उचलून आत नेते. निवृत्तीचं बाहेर दगडावर उपडं. आताही तिथेच आहे.