पलीकडचा काठ

दि. ९ मार्च

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तू कुठल्यातरी छपरावरून "बरं, बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. दिवसभर पत्रे ठोकणाऱ्या माणसाला बहिणीचं पत्र वाचायला हरकत नसावी.

मंगळवारी दुपारी इकडे गारा पडल्या. लिंबाएवढ्या म्हणतात तशा, पण खरोखरच लिंबाएवढ्या. वीस मिनिटं आपण काय बोलतो ते आपल्यालाच ऐकू येत नव्हतं. मी बाइंडिंगच्या खोलीत टेबलाखाली बसून होते, मांडीवर खळीचं भांडं. माझी काच एकही फुटली नाही. छपराची पन्हळ मात्र चेचली गेली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचे पडलेत आणि मधला सांधा उघडलाय.

आता आनंदाची बातमी. तो उघडा सांधा बरोबर पलीकडच्यांच्या अंगणावर आहे. काल जरा पाऊस झाला, तर सगळी धार त्यांच्या त्या फरशीवर. मी खिडकीत खुर्ची घेऊन बसले होते, चहा घेऊन.

ती फरशी कुठली ते तुला सांगायला नको, तू होतास. पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ह्यांच्या छातीत कळ आली, गाडी पुढच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली, आणि माझ्या सख्ख्या दिरांनी आपल्या अंगणाचं फाटक उघडलं नाही. सकाळीच फरशी बसवली होती, सिमेंट ओलं होतं, पाय उमटले असते. स्ट्रेचर मागच्या बोळातून न्यावं लागलं. वळणावर ते अडकलं, तिरकं करावं लागलं. अकरा मिनिटं गेली. डॉक्टर नंतर म्हणाले की अकरा मिनिटांनी फरक पडलाच असता असं नाही. "असं नाही" म्हणाले. "पडला नसता" म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून दीर म्हणायचं मी सोडलं. आमच्याकडे ते "पलीकडचे".

वाटणीच्या कागदात दोन्ही घरांवरची अख्खी पन्हळ माझ्याकडे आली आहे, खाली उतरणारा पाइप माझ्या कोपऱ्यात आहे म्हणून. तेव्हा मी कुरकुर केली होती. आता वाटतं, वाटणी करणाऱ्याचं भलं होवो. पन्हळ माझी, ती दुरुस्त करायची की नाही तेही माझंच.

तरी धंद्यातला माणूस म्हणून तू सांग, अशी पन्हळ तशीच ठेवली तर पुढे काय काय होतं? सविस्तर लिही. हात कसा आहे तुझा? शिडीवरून पडलास हे मला तुझ्या बायकोकडून कळावं?

तुझी,
ताई

---

दि. १४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हात बरा आहे. मी पडलो नाही, शिडी पडली, मी तिच्यावर होतो एवढंच.

तू विचारलंस म्हणून सांगतो, आणि हसू नकोस, लोक नेमकं ह्यालाच हसतात आणि मग माझ्याकडे रडत येतात. कौल फुटलं की सगळ्यांना दिसतं. काच फुटली की त्याच दिवशी माणूस बोलावतात. पन्हळीला पोचा पडला तर म्हणतात, चालतंय की. पोच्यात पाणी साठतं. पाणी साठलं की पाला कुजतो, पत्रा गंजतो, ओझ्याने पन्हळीचे आकडे निसटतात. छपराचं सगळं पाणी एका जागी उचलून लांब नेऊन सोडायचं, हे पन्हळीचं एकच काम. ते तिने सोडलं की पाणी घराच्या पायाशी जाऊन बसतं.

सांध्याची मला फारशी काळजी नाही, तो मी तासाभरात जोडीन. तू पलीकडचा काठ बघ. गारा तिरक्या आल्या असतील तर पलीकडचा काठ बसतो. तो बसला की पाणी समोर पडतच नाही, गुपचूप भिंतीत उतरतं. वरून रंग तसाच राहतो आणि आतून भिंत भाकरीसारखी फुगते. आठ-दहा पाऊस पुरतात. धार दिसते त्याची भीती नसते, दिसत नाही त्याचीच असते. तेव्हा पलीकडचा काठ बसला असेल तर एक दिवसही थांबू नकोस. तिथलाच कोणीतरी माणूस लाव, मला इथल्या शाळेचं छप्पर संपवल्याशिवाय हलता येत नाही.

बाकी तुझ्या खिडकीतल्या चहाबद्दल मी काय बोलू. स्ट्रेचरचा डावीकडचा दांडा माझ्या हातात होता. मलाही तो माणूस डोळ्यांसमोर नको असतो. पण राग माणसावर काढ, पत्र्यावर काढू नकोस.

माझा कान धरायला तूच एक उरली आहेस, तेव्हा लोभ आणि कान दोन्ही धरून ठेव.

तुझा,
ठोक्या

---

दि. २० मार्च

चि. ठोक्यास अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एवढं गोड पत्र तू जन्मात लिहिलं नव्हतंस.

लगेच स्टूल ठेवून वर चढले आणि हाताने चाचपून आले. पलीकडचा काठ बसलाय. चांगला चार बोटं बसलाय. आता भिंत आतून फुगणार, वरून कळणारही नाही, आणि आठ-दहा पाऊस पुरतात. दोन तर होऊनही गेले, यंदा अवकाळी थांबायचं नाव घेत नाही. मी कॅलेंडरवर फुल्या मारते आहे.

परवा ते स्वतः आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले की वहिनी, पन्हळ करून घेऊ या, माणूस मी आणतो, तुम्ही फक्त हो म्हणा. मी म्हटलं, कामात आहे. आज पुन्हा आले. मी म्हटलं, अजून कामातच आहे. त्यांच्या तोंडावर जे काही दिसलं ते पाहून मला दोन घास जास्त गेले. हे वाईट आहे हे मला समजतं. तू लिहून कळवायची गरज नाही.

आणि कामात आहे हे खोटंही नाही. वाचनालयाने जुन्या वर्तमानपत्रांचे एकेचाळीस खंड बांधायला दिलेत. दुसरी प्रत कुठेही नाही म्हणून ग्रंथपालबाई स्वतः सोबत आल्या होत्या. सगळे पुढच्या भिंतीला लावून ठेवलेत, छातीपर्यंत थप्पी आली आहे. हे काम नीट झालं तर वाचनालयाचं सगळं बाइंडिंग माझ्याकडे येईल. ह्यांच्या मागे मी काही नुसती बसून राहिले नाही, हे लोकांना दिसेल.

शाळेचं छप्पर सावकाश कर. घाई नाही.

तुझी सध्या फार सुखात असलेली,
ताई

---

दि. २६ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला धड जेवण गेलं नाही. चार बोटं बसलाय म्हणतेस आणि फुल्या मारत बसतेस? मी काय लिहिलं होतं ते पुन्हा एकदा वाच. असल्या भिंती मी पाहिल्यात. बोट लावलं की बोट आत जातं.

सूड घ्यायचा तर घे, मी आडवा येणार नाही. दाजी माझेही होते. पण पाण्याच्या हातात सूड देऊ नये. ते कुणाचं ऐकत नाही. दीर माणूस आणतो म्हणतात ना, त्यांना हो म्हण. हो म्हटल्याने तू लहान होत नाहीस. मला इथून सुटायला अजून पंधरा दिवस लागतील.

ह्या पत्रावर रागावू नकोस, आणि रागावलीस तरी उत्तर लिही.

तुझा,
ठोक्या

---

दि. ११ एप्रिल

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मला वाटलं तू त्यांची बाजू घेतोस. चार दिवस तुला मनातल्या मनात शिव्या देत होते, त्या आता परत घेते.

तू शिडीवरून बोलत होतास. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला अलीकडचा काठ म्हणजे रस्त्याकडचा आणि पलीकडचा म्हणजे भिंतीला लागून असलेला, होय ना? सगळ्या घरभर, माझ्या आणि त्यांच्या, भिंतीकडचा तो लांबच्या लांब काठ. आणि मी घरात बसून वाचत होते. ह्या घरात पलीकडचं म्हटलं की एकच गोष्ट असते. मला वाटलं तू त्यांच्या बाजूच्या काठाबद्दल लिहितोस. हद्दीवर स्टूल ठेवून भिंतीकडचा काठ चाचपला तो फक्त त्यांच्या अंगणावरचा. माझ्या डोक्यावरचाही तसाच बसला होता, तिकडे मी पाहिलंच नाही. सात फुल्या मी माझ्याच भिंतीसाठी मारल्या.

त्यांची भिंत कोरडी आहे. मी दोनदा नाही म्हटल्यावर त्यांनी पन्हळीला हात लावला नाही. पाणी भिंतीपासून लांब पडेल अशी पत्र्याची पट्टी आपल्या छपराच्या कडेखाली आतून सारून घेतली.

मंगळवारी सकाळी वरचा एक खंड काढायला गेले तर मागचा पुठ्ठा हातात आला आणि खंड तिथेच राहिला. थप्पीमागची भिंत काळी पडली होती. बोट लावलं. गेलं आत. बाहेर पाऊस चालूच होता, आणि मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण पलीकडे ऐकू गेलं.

ते आले. दोन-दोन खंड उचलून नेऊ लागले. मागच्या बोळातून लांबचा वळसा घालून नेले असते तर सगळे भिजले असते. तेव्हा त्यांनी जाऊन पुढचं फाटक सताड उघडलं आणि त्यांच्या फरशीवरून, चिखलाच्या पायांनी, खंड आपल्या कोरड्या खोलीत नेऊन ठेवू लागले. जाऊही आली. तिने आपल्या चादरी अंथरल्या. एकेचाळीसपैकी बत्तीस वाचले. नऊ गेले, त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. ग्रंथपालबाईंना मी अजून सांगितलेलं नाही, उद्या जाऊन सांगणार आहे.

आता जे लिहिते ते तुझ्या बायकोला वाचून दाखवू नकोस. ते सव्विसावा की सत्ताविसावा खंड घेऊन फाटकातून आत येत होते. मी वाटेत उभी राहिले. म्हटलं, भाऊजी, कागदांसाठी उघडलंत, भावासाठी नाही उघडलंत.

किती वर्षांनी भाऊजी म्हटलं मी. ते खंड छातीशी धरून पायरीवर बसले. मग म्हणाले की त्या फरशीवर पाय ठेवताना त्यांना रोज ते आठवतं, एक दिवस चुकत नाही. मी म्हटलं, चुकू देऊ नका. माफ केलं असं मी म्हणावं, ह्याची ते वाट बघत होते. मला ते स्पष्ट दिसलं. मी त्यांच्या हातातला खंड घेतला, आत नेऊन ठेवला आणि पुढचा आणायला गेले.

मला वाईट वाटलं असं लिहायला हवं. वाटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं अंग हलकं झालं आणि त्या दिवशी संध्याकाळी मी शांत झोपले. फक्त ह्यासाठी नऊ खंड आणि माझी भिंत का घालवली ते कळत नाही. हे एक वाक्य मला कुठल्याही कोरड्या दिवशी, त्यांच्या दारात जाऊन बोलता आलं असतं.

शाळेचं छप्पर संपलं की सरळ इकडे ये. पन्हळ सगळी बदल, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांच्या डोक्यावरची सोडायची नाही, तीही माझीच आहे आणि मला ती चोख हवी. त्यांनी कामाला हात लावू का म्हणून विचारलं, तर शिडी धरायला सांग. शिडी नीट धरतात की नाही ते मी खिडकीतून बघेन.

माझ्याकडे जेवढी माया आहे तेवढी सगळी तुलाच पाठवते. दुसऱ्या कुणाला द्यायला अजून तरी शिल्लक नाही.

तुझी,
ताई