नानासाहेबांच्या खुर्चीवर कुणी बसावे याबाबत

प्रति,
मा. विवाह समुपदेशक,
कौटुंबिक न्यायालय,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : सुदर्शन रामकिसन औताडे, रा. मुकुंदवाडी.

विषय : मुलीच्या भेटीच्या आदेशात ज्यांचे नाव आहे ते वारल्याने भेट बंद पडली असून, दुसरे नाव मिळणेबाबत.

संदर्भ : मुलीच्या भेटीचा अंतरिम आदेश, परिच्छेद ४.

महोदया,

१) सविनय सादर करतो की, माझी पत्नी मोनिका व मी विभक्त राहतो. मुलगी सोनिया, वय सहा, आईजवळ करमाडला आजोळी आहे. आदेशाप्रमाणे मला तिला दर रविवारी अकरा ते एक भेटता येते, मात्र "केवळ मुलीचे आजोबा नानासाहेब गाडेकर यांच्या समक्ष". ही अट घातली तेव्हा मी लई भांडलो होतो. सासऱ्याच्या पहाऱ्यात लेकीला भेटायचं म्हणजे कैद्याची मुलाखत झाली, असं वकिलांना बोललो होतो.

२) सुरुवातीला नानासाहेब ओसरीवर लाल प्लास्टिकच्या खुर्चीत माझ्याकडे रोखून बघत बसायचे. रामराम घातला की घड्याळाकडं बघायचे. पुढं पुढं खुर्चीचं तोंड रस्त्याकडं करू लागले. मग पेपर तोंडावर घेऊन झोपेचं सोंग. एक वाजून गेला की मोनिका आतून हाक मारी, तर म्हणायचे, "माझ्या घड्याळात नाय वाजला अजून." माणूस कडक, पण मनानं सोनं होता, हे मी इथं लिहून देतो.

३) मागील महिन्यात ते वारले. तेव्हापासून मी फाटकाबाहेर आहे. मोनिका म्हणते, कागदावर ज्यांचं नाव आहे त्यांना आणा. तिला तरी काय बोलू? दुसऱ्या कुणासमोर भेट दिली तर आदेश मोडल्याचं तुझ्यावर येईल, अशी भीती तिच्या वकिलांनी घातली आहे. माझे वकील म्हणतात, दुरुस्ती होईपर्यंत आत पाऊल टाकू नका. चौकीत गेलो तर जमादार म्हणाले, "मयताला आम्ही कुठून हजर करावं?" सासूबाई गोजरबाई खुर्चीत बसायला तयार आहेत, पण त्यांचं नाव आदेशात नाय. शेवटी त्यांनी हार घातलेला फोटोच खुर्चीवर आणून ठेवला. मोनिका रडली आणि फोटो आत घेऊन गेली. आत गेलो तर आदेशभंग, रविवारी गेलोच नाय तर बापाला लेकीची ओढ नाय असं लिहून घेणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सोनू खिडकीतून विचारते, "पप्पा, तुम्ही रुसलात का?"

४) आता नोटिशीबद्दल. मेहुणे विश्वजीत यांच्या सांगण्यावरून मला वकिलाची नोटीस आली आहे की, अंत्यविधीच्या दिवशी मी अट मोडून मुलीला जवळ घेतले. खुलासा असा की, तो रविवार होता. मला कुणीच कळवलं नव्हतं. नेहमीप्रमाणे अकराला पोचलो तर दारात माणसं जमलेली. सोनू धावत येऊन गळ्यात पडली. तिला घेऊन मी ओसरीवर बसलो. नानासाहेब समोर अंगणात निजवलेले होते, म्हणजे भेट त्यांच्या समक्षच झाली. मंडळींनी तिरडी उचलली तेव्हा मीही सोनूला खाली ठेवलं. आजोबा चालले म्हणून ती ओरडत होती, माझा शर्ट सोडत नव्हती. पण ते फाटकाबाहेर गेल्यावर तिला धरायचा मला हक्क उरला नव्हता. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. आदेश याहून जास्त कसा पाळतात, मला ठाऊक नाय.

तरी हा अर्ज मा. न्यायाधीश साहेबांपुढे ठेवून त्या खुर्चीसाठी गोजरबाईंचं नाव लिहून मिळावं. मात्र त्यांना शुगर आहे, चालताना धाप लागते. म्हणून शक्य असल्यास दोन नावं लिहावीत, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र व फाटकाबाहेर उभा,
(सही)
सुदर्शन रामकिसन औताडे
दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत : आदेशाची प्रत, नानासाहेबांचा मृत्यूचा दाखला, नोटिशीची प्रत.